ऑक्सिजनचे दिवस कार्डावर लिहा

दरवर्षी १७ नोव्हेंबरला जगभर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दिवस पाळला जातो. मोठ्या इस्पितळांवर जांभळी रोषणाई होते, नवजात विभागातून घरी गेलेल्या मुलांचे मेळावे भरतात आणि वर्तमानपत्रांत आठशे-नऊशे ग्रॅमच्या एखाद्या बाळाला जीवदान मिळाल्याची बातमी येते. छायाचित्रात आईवडील हसत असतात, डॉक्टर बाजूला उभे असतात, बाळ दुपट्यात गुंडाळलेले असते. तो आनंद खरा आहे. त्यामागे परिचारिकांनी जागून काढलेल्या रात्री असतात, आईने काचेच्या पेटीपाशी बसून घालवलेले दिवस असतात. मात्र त्या बाळाला पाच-सहा वर्षांनी शाळेच्या बाकावर जाऊन बसायचे असते. तिथपर्यंतच्या वाटेवर त्याच्यासोबत कोण असते, हा प्रश्न या दिवसाच्या निमित्ताने विचारला पाहिजे.

प्रश्न सगळ्याच अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा आहे, पण त्यांतल्या एका गटाचा अधिक आहे. जन्मानंतर ज्यांच्या फुप्फुसांना आठवडेच्या आठवडे ऑक्सिजनचा आधार लागला, ज्यांच्या कागदांवर ‘बीपीडी’ ही तीन अक्षरे लिहिली गेली, त्या मुलांना पुढे शिकताना अडचणी येण्याची शक्यता अशा इतर मुलांपेक्षाही जास्त असते. छातीच्या दुखण्याचा बुद्धीशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. संबंध आहे. गेली पंचवीस-तीस वर्षे तो वैद्यकाला ठाऊक आहे, आणि तरीही तो इस्पितळाच्या दाराबाहेर पडत नाही. आई घरी जाते ती वजन, टाक्याची तारीख आणि लसीकरणाचा तक्ता घेऊन. बाळाला किती दिवस ऑक्सिजन लागला हे तिला तोंडपाठ असते, कारण तिने ते एकेक करून मोजलेले असतात. कार्डावर मात्र तो आकडा बऱ्याचदा इंग्रजी मजकुरात कुठेतरी दडलेला असतो, किंवा नसतोच.

आधी फुप्फुसांचे पाहू. पोटात असताना बाळाला स्वतः श्वास घ्यावा लागत नाही, त्यामुळे फुप्फुसे अगदी शेवटी सज्ज होतात. पंचविसाव्या आठवड्यात तिथे नुसत्या साध्या पिशव्या असतात. ज्यांतून प्राणवायू रक्तात उतरतो ते खरे वायुकोश छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बनू लागतात आणि त्यांतले बहुसंख्य तर जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. वायुकोश श्वास सोडताना मिटून जाऊ नयेत म्हणून आतून एक स्निग्ध थर लागतो, सरफॅक्टंट. तोही शेवटच्या आठवड्यांतच पुरेसा होतो. या थराच्या अभावी ही बाळे दगावतात हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ साली दाखवून दिले, पण कारण कळले तरी इलाज हाती नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक १९६३ च्या ऑगस्टमध्ये पाच-साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोहून थोडे अधिक होते. देशातली सर्वोत्तम मदत हाताशी असूनही तो दोन दिवसांत गेला. आज तेवढ्या वजनाचे बाळ आपल्या जिल्हा रुग्णालयातूनही बहुधा सुखरूप घरी जाते.

त्यानंतर कृत्रिम श्वासाची यंत्रे एवढ्याशा बाळांना लावली जाऊ लागली आणि मरणारी बाळे वाचू लागली. १९६७ साली स्टॅनफर्डचे क्ष-किरणतज्ज्ञ विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वाचलेल्या बाळांची चित्रे मांडून दाखवली. कुठे फुगलेली, कुठे आकसलेली, व्रणांनी भरलेली ती फुप्फुसे होती. यंत्राचा दाब आणि भरमसाट ऑक्सिजन यांनी जीव वाचवला होता आणि वाचवताना फुप्फुसांना इजाही केली होती. या अवस्थेला त्यांनी ‘ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेझिया’ असे नाव दिले. डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातली बीपीडी ती हीच. नॉर्थवे तिथेच थांबले नाहीत. आपल्या पाहण्यातली ती मुले मोठी झाल्यावर त्यांनी त्यांना पुन्हा तपासले आणि त्यांच्या श्वासनलिका ऐन तारुण्यातही अरुंद व चिडक्या राहिल्या आहेत, हे १९९० साली प्रसिद्ध केले. आजाराला नाव देणाऱ्याने रुग्णांचा पाठपुरावा दोन दशके केला, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक नवजात विभागाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगी आहे.

आता यंत्रे सौम्य झाली आहेत. जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी १९८० साली गाईच्या फुप्फुसांतून काढलेला सरफॅक्टंट बाळांना देऊन दाखवला आणि तो पुढे नेहमीचा उपचार झाला. व्रण कमी झाले. पण त्याच प्रगतीमुळे आता पंचवीस-सव्वीस आठवड्यांची बाळेही जगतात, आणि त्यांच्यात आजाराने रूप बदलले आहे. त्यांचे वायुकोश मुळात पुरेसे बनतच नाहीत. थोडेच बनतात, मोठाले बनतात, आणि त्यांच्याभोवती रक्तवाहिन्यांचे जाळेही विरळ राहते. गर्भाच्या दिवसांपासून मोजून छत्तीस आठवडे भरले तरी ऑक्सिजनचा किंवा यंत्राचा आधार सुटला नाही, तर बाळाला मध्यम किंवा तीव्र बीपीडी आहे असे साधारणपणे मानतात.

आता शाळेकडे वळू. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात क्लीव्हलंडच्या संशोधकांनी अशा मुलांचा जन्मापासून माग ठेवला आणि ती आठ वर्षांची झाल्यावर काय दिसले ते २००३ साली प्रसिद्ध केले. तीन गट होते: बीपीडी झालेली मुले, खूप कमी वजनाची पण बीपीडी न झालेली मुले आणि पूर्ण दिवसांची मुले. विशेष वर्गात बसावे लागणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५४ टक्के, दुसऱ्यात ३७ आणि तिसऱ्यात २५ टक्के निघाले. बुद्ध्यांक ७० च्या खाली असणारी मुले अनुक्रमे २०, ११ आणि ३ टक्के. वाचन, गणित, शरीराच्या मोठ्या हालचाली या सगळ्यांत पहिला गट मागे होता. यावर शंका अशी येते की बीपीडीची मुले मुळातच अधिक लहान आणि अधिक आजारी असतात, मग दोष फुप्फुसांना का द्यायचा? संशोधकांनी जन्मवजन आणि मेंदूतले उघड दोष हिशेबात धरून पुन्हा मांडणी केली. तरीही बीपीडी आणि ऑक्सिजनवर काढलेले दिवस यांचा बुद्ध्यांकाशी, हालचालींशी आणि लक्ष टिकण्याशी संबंध उरलाच. आईने मोजलेला तो आकडा पुढच्या शाळेबद्दल काही सांगतो, हे एवढ्यावरून पुरेसे स्पष्ट आहे.

असे का होते, याचे एकच एक उत्तर नाही. फुप्फुसे धडपडत असतात ते आठवडे मेंदूच्याही सर्वांत वेगवान वाढीचे असतात. चौतिसाव्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे ६५ टक्केच असते, उरलेली भर शेवटच्या सहा आठवड्यांत पडते. याच काळात मज्जातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशी तयार होत असतात आणि प्राणवायूचा तुटवडा व शरीरातली सूज या दोन्हींपुढे त्या फार नाजूक असतात. बीपीडीच्या बाळाला हे दोन्ही भोगावे लागते. त्याचा प्राणवायू दिवसातून अनेकदा घसरतो, यंत्र वाजते, परिचारिका तळपायाला टिचकी मारते, आकडा वर येतो. कॅनडातल्या संशोधकांनी पुढाकार घेऊन केलेल्या एका मोठ्या चाचणीतल्या बाळांच्या अशा घसरणींच्या नोंदी तपासल्या गेल्या. एक मिनिट किंवा त्याहून जास्त टिकणाऱ्या घसरणींचा पुढचे मृत्यू आणि अपंगत्व यांच्याशी संबंध असल्याचे २०१५ साली समोर आले. शिवाय श्वास घेण्याच्या कष्टातच या बाळाची ताकद खर्ची पडते, मग वजनाला आणि डोक्याच्या घेराला काय उरणार? त्यात घरी गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत छातीच्या संसर्गाने पुन्हा पुन्हा दाखल व्हावे लागते. रांगण्या-बोलण्याच्या वयातले महिने सलाइनच्या नळीशी बांधलेले जातात.

या विषयातला सर्वांत वेदनादायी अध्याय स्टिरॉइडचा आहे, आणि तो सविस्तर सांगायला हवा, कारण फुप्फुस आणि मेंदू यांना वेगवेगळे पाहण्याची किंमत त्यातून कळते. १९९० च्या दशकात बीपीडी टाळण्यासाठी जन्मलेल्या बाळांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मोठ्या मात्रेत, आठवडेच्या आठवडे दिले जाई. परिणाम डोळ्यांपुढे दिसे: दोन दिवसांत ऑक्सिजन कमी होई, नळी निघे, सगळ्यांचे चेहरे खुलत. मग मुले मोठी होऊ लागली. तैवानमध्ये जन्मल्याबरोबर हे औषध सुरू केलेल्या आणि न केलेल्या बाळांची शाळेच्या वयात तुलना झाली. २००४ साली आलेल्या त्या अहवालात औषध घेतलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ७८ होता, न घेतलेल्यांचा ८४. औषध घेतलेली मुले उंचीने कमी होती, त्यांच्या डोक्याचा घेर लहान होता आणि ठळक अपंगत्वाचे प्रमाण ३९ टक्के होते. दुसऱ्या गटात २२ टक्के. फुप्फुस वाचवताना मेंदूवर घाव बसला होता, आणि तो कळायला आठ वर्षे जावी लागली. सुदैवाने त्याआधीच, २००२ साली, अमेरिका आणि कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञ संघटनांनी हे औषध सरसकट वापरू नका असे बजावले होते.

इथे एक खुलासा केलाच पाहिजे, नाहीतर एखादी गरोदर बाई हे वाचून घाबरेल. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्यावर आईला दिली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने वेगळी. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली त्यांचा फायदा सिद्ध केला. दोन दिवसांचा तो छोटा क्रम बाळाची फुप्फुसे पोटातच तयार करतो आणि असंख्य जीव त्याने वाचवले आहेत. भारतासह पाच देशांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत २०२० साली त्याला पुन्हा दुजोरा मिळाला. डॉक्टरांनी ते सांगितले तर घ्यावेच.

बाळाला जन्मानंतर देण्याच्या स्टिरॉइडबद्दल मात्र मेलबर्नच्या लेक्स डॉईल यांनी २००५ साली जी मांडणी केली, ती या सगळ्या चर्चेचे मर्म आहे असे आम्हाला वाटते. निरनिराळ्या चाचण्या एकत्र पाहिल्यावर त्यांना दिसले की ज्या बाळांना बीपीडीचा धोका कमी, ३५ टक्क्यांच्या आत, त्यांच्यात स्टिरॉइडने मृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण वाढते. धोका ६५ टक्क्यांच्या वर असेल तर तेच औषध हे प्रमाण कमी करते. मेंदूला इजा करणारे औषध काही बाळांच्या मेंदूला लाभदायक कसे ठरते? कारण त्या बाळांत फुप्फुसांचा आजार हाच मेंदूवरचा मोठा घाव असतो. आजार टळला तर औषधाचे नुकसान भरून निघते.

दुसरा पुरावा त्याहून सुखद आहे. श्वास घ्यायला विसरणाऱ्या बाळांना कॅफीन देतात. कॉफीतले तेच कॅफीन. कॅनडाच्या बार्बरा श्मिट यांच्या नेतृत्वाखाली दोन हजारांहून अधिक बाळांवर त्याची चाचणी झाली. कॅफीन घेतलेल्यांत बीपीडी ३६ टक्के, न घेतलेल्यांत ४७ टक्के, हे २००६ साली कळले. दीड वर्षानंतरच्या वयात मृत्यू किंवा अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाणही ४६ टक्क्यांवरून ४० वर आले होते, हे पुढच्या वर्षी कळले. या लाभाचा जवळजवळ निम्मा वाटा केवळ एवढ्याने समजावून देता येत होता की कॅफीनवरची बाळे श्वासाच्या यंत्रांतून आठवडाभर आधी सुटली. एवढ्या साध्या औषधाने बाळ यंत्रातून लवकर सुटते आणि पुढे चालते-बोलते तेही बरे, यापेक्षा स्पष्ट साक्ष कोणती हवी?

आता आपल्या घरचे. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली आणि त्यांतली ३० लाखांहून अधिक भारतातली होती. इतकी बाळे दुसऱ्या कोणत्याही देशात जन्मत नाहीत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जिल्ह्या-जिल्ह्यांत नवजात विशेष कक्ष उभे राहिले, श्वासाला आधार देणारे सीपॅप आले, सरफॅक्टंट आले. पूर्वी जी बाळे पहिल्याच दिवशी जात, ती आता घरी जातात. म्हणजे क्लीव्हलंडला नव्वदच्या दशकात जो प्रश्न पडला, तो आता नांदेड, चंद्रपूर, सिंधुदुर्गातल्या पहिली-दुसरीच्या वर्गांपाशी येऊन ठेपत आहे.

डोळ्यांच्या बाबतीत आपण थोडेफार शिकलो. ऑक्सिजनमुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाला इजा होते, वेळेत तपासणी झाली तर ती रोखता येते. १९९६ साली चेन्नईत जन्मलेल्या एका मुलीची ही तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. वडील न्यायालयात लढत राहिले आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. आता ‘डोळे तपासून घ्या’ हे वाक्य कार्डावर ठळक अक्षरांत असते. मूल आंधळे झाले तर सगळ्यांना दिसते. मूल पाढे विसरते, फळ्यावरून वहीत उतरवताना अर्ध्यात थांबते, दोन सूचना एका वेळी दिल्या की गोंधळते, हे कोणत्याही न्यायालयापुढे मांडता येत नाही. त्याला आळशी म्हणतात. अभ्यासात लक्ष नाही म्हणतात. आईला ऐकवतात की तू जास्त लाडावून ठेवलेस.

महाराष्ट्राला या बाबतीत सबब सांगता येणार नाही, कारण असा पाठपुरावा कसा करावा हे पुण्याने दाखवून दिले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेली, दोन किलोहून कमी वजनाची बाळे नोंदवून घेतली आणि बाराव्या, अठराव्या वर्षापर्यंत त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून तपासले. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक ९० च्या आसपास भरला, सोबतच्या निरोगी मुलांचा ९७. म्हणजे मुले सर्वसाधारण मर्यादेत होती, पण मागे होती, आणि गणितात अडत होती. सर्वांत मागे होती ती लवकर जन्मलेली आणि शिवाय पोटातच खुरटलेली मुले. हा अभ्यास फुप्फुसांच्या आजाराचा नव्हता. पण पत्ते बदलणाऱ्या, भाड्याच्या घरांत राहणाऱ्या, गावी परतणाऱ्या कुटुंबांना अठरा वर्षे धरून ठेवता येते, हे त्याने सिद्ध केले. आपल्याकडे लोक फॉलो-अपला येत नाहीत, ही तक्रार करण्याआधी तो अभ्यास वाचावा.

सरकारी चौकटही तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच २०१३ साली आपल्या पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र. विकासातला विलंब हा या कार्यक्रमाच्या चार मुख्य विषयांपैकी एक आहे. शाळेत गाडी घेऊन येणाऱ्या पथकाला समोरचे मूल किती आठवड्यांचे जन्मले आणि किती दिवस ऑक्सिजनवर होते हे कळले, तर पन्नास मुलांतून कोणाकडे दहा मिनिटे जास्त द्यायची हे त्यांना ठरवता येईल. आज हे त्यांना कोणी सांगत नाही, कारण नवजात कक्षाचा कागद शाळेपर्यंत पोचायची व्यवस्थाच नाही.

घराबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, आणि ते आज्यांना दोष न देता. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटते, आंघोळीनंतर बाळाला ओव्याची, लसणाच्या सालींची, धुपाची धुरी देतात. त्यामागची माया निर्विवाद आहे. पण ज्या बाळाचे वायुकोश अजून बनत आहेत त्याला धूर, मग तो ओव्याचा असो, चुलीचा असो, विडीचा असो की डासांच्या अगरबत्तीचा, विषासारखाच. हे घरी सोडतानाच्या दिवशी आईला सांगून भागत नाही, कारण घरात आईचा शब्द शेवटचा नसतो. आजीला कक्षात बोलावून, बाळाची छाती श्वासासाठी कशी ओढली जाते ते दाखवून सांगावे लागते. जी आजी नातवासाठी कांगारूसारखे छातीशी धरून तासन्‌तास बसते, ती धुरीही बंद करील. दुसरे म्हणजे सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही ही समजूत खोटी आहे; जितके दिवस पोटात अधिक, तितके बाळ सुरक्षित, इतके साधे ते आहे. आणि तिसरे वयाचे. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले तरी त्याची प्रगती चार महिन्यांच्या बाळाशी ताडायची, दोन वर्षांपर्यंत हा हिशेब धरायचा. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायची. शेजारच्या बाळाशी तुलना करून रडणाऱ्या आया आणि ‘होईल हळूहळू’ म्हणून दोन वर्षे वाट पाहणारी घरे, दोघांनाही या एका नियमाने दिलासाही मिळेल आणि वेळेत जागही येईल.

हे सगळे सांगून पालकांच्या मनात धास्ती भरायची का, असे काही डॉक्टर विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. नुकतेच जिवावरचे संकट टळलेल्या आईला ‘आता बुद्धीचेही बघा’ म्हणणे जड जाते. पण क्लीव्हलंडचेच आकडे उलटून वाचा: बीपीडी झालेल्या पाचपैकी चार मुलांचा बुद्ध्यांक ७० च्या वर होता आणि जवळजवळ निम्मी मुले नेहमीच्याच वर्गात शिकत होती. धोका म्हणजे भविष्य नव्हे. ज्या मुलाला मदत लागणार आहे त्याला ती तिसऱ्या वर्षी मिळाली की तिचा उपयोग होतो. चौथीत नापास झाल्यासारखे वाटू लागल्यावर मिळाली तर मूल आधीच स्वतःला ‘ढ’ समजू लागलेले असते. न सांगितल्याने धास्ती टळत नाही, फक्त ती आईच्या एकटीच्या वाट्याला येते.

यांतली बरीच मुले अशा पट्ट्यात असतात जिथे कोणताच कायदा पोचत नाही. बुद्ध्यांक ७० च्या खाली असेल तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, विशिष्ट अध्ययन अक्षमता सिद्ध झाली तर परीक्षेत वाढीव वेळ मिळतो. ७० ते ८५ च्या मधल्या मुलाला, ज्याला सगळे थोडे थोडे अवघड जाते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत जागा नाही. त्याला प्रमाणपत्राची नाही, वर्गात पुढच्या बाकाची, एका वेळी एकच सूचना देणाऱ्या शिक्षिकेची, गणितासाठी आठवड्यातून काही जादा तासांची गरज असते. शिक्षिकेला त्याची गोष्ट ठाऊक असेल तर ती यांतले बरेच स्वतःहून करील.

म्हणून मागणी थोडकी आहे. नवजात कक्षातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कार्डाच्या पहिल्याच पानावर, मराठीत, तीन ओळी असाव्यात: किती आठवड्यांचे जन्मले, किती दिवस यंत्रावर होते, किती दिवस ऑक्सिजनवर होते. छत्तीस आठवड्यांनंतरही ज्यांचा ऑक्सिजन सुटला नाही त्यांची वेगळी यादी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जावी, आणि पहिली दोन वर्षे, मग शाळेत घालण्याआधी, मग आठव्या वर्षी त्यांना फोन करून बोलावले जावे. आशाताईंवर हे काम ढकलू नये, त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे. त्यासाठी केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञाची आणि वाचा व हालचालींवर उपचार करणाऱ्यांची पदे भरलेली असली पाहिजेत. नवजात कक्षासाठी नव्या व्हेंटिलेटरचे मागणीपत्र येईल तेव्हा त्यासोबत पाठपुराव्याच्या माणसांचीही मागणी असावी, आणि नसेल तर आरोग्य विभागाने ते मागणीपत्र मंजूर न करता परत पाठवावे.